लाल पेन्सिलीची खूण

वार रविवार, मे महिन्याचा तिसरा आठवडा, सकाळचे सहा वीस. हजर: अण्णा, आई, कुसुमआत्या आणि मी. गैरहजर: कोणी नाही. आमच्या घरात गैरहजर राहणं कोणाला जमत नव्हतं. त्यासाठी आधी घराबाहेर पडावं लागतं.

विसाव्या वर्षी मी डायरीत अशी हजेरी लिहायचे. ती सवय अण्णांची. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. तिथे कोणतंही काम सुरू करण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि हजर माणसांची नावं लिहायची पद्धत होती. माझ्या डायरीतल्या त्या रविवारच्या पानावर पुढे लिहिलंय: ‘विमान: १. दोरी: ३० मीटर. पाण्याची बाटली: २. वारा: नाही.’ त्याखाली एकच शब्द आहे, ‘आपटलं.’ पण आधी घराबद्दल सांगायला हवं, कारण ते विमान घरात बसत नव्हतं.

कात्रपला दुसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं, एक खोली आणि स्वयंपाकघर. त्याआधीच्या दिवाळीत अण्णांनी मुदतीआधी नोकरी सोडली. कारण विचारलं की ते म्हणायचे, “प्रवासाची दगदग झेपत नाही.” कात्रपहून अंबरनाथ ते किती! पण कोणी उलटून बोललं नाही. त्यांचा उजवा हात थरथरायचा. आधी कपबशीचा आवाज यायचा, किणकिण किणकिण, स्वयंपाकघरापर्यंत. मग एक दिवस आईने काही न बोलता त्यांना चहा स्टीलच्या पेल्यात अर्धा भरून द्यायला सुरुवात केली आणि तो आवाज बंद झाला. त्यावर घरात एवढीच चर्चा झाली. अण्णा जिन्याखाली उतरेनासे झाले. खिडकीशी बसायचे, तिथून समोरच्या इमारतीचा पाण्याचा टँक दिसायचा. टँक भरून वाहायला लागला की ते ओरडून सांगायचे. बाहेरच्या जगाशी त्यांचा तेवढाच संबंध उरला होता.

फेब्रुवारीत त्यांनी पलंगाखालून पत्र्याची नळी काढली. आत विमानांचे अकरा प्लॅन होते. तरुणपणी पोस्टाने मागवलेले, काही दुसऱ्याचे बघून स्वतः ट्रेसिंग कापडावर काढलेले. सगळे बाल्सा लाकडाचे. बाल्सा म्हणजे बोटाने दाबलं तर खळगा पडेल असं हलकं लाकूड. ते त्यांना त्या काळी मिळालं नाही आणि नंतर संसारातून वेळ मिळाला नाही. अकरांपैकी एकही विमान त्यांनी बनवलेलं नव्हतं. आता वेळ होता, पण हात नव्हता. माझा डिप्लोमा नुकताच संपला होता आणि मी घरी होते. म्हणजे हात होता.

पहिला प्लॅन पाच फुटी ग्लायडरचा. इंजिन नाही, दोरी लावून पतंगासारखं चढवायचं आणि वर गेलं की दोरी आपोआप सुटते. बाल्साऐवजी फोमबोर्ड वापरायचं मी ठरवलं. दोन बाजूंना कागद आणि मधे पाच मिलिमीटर फोम असा तो पुठ्ठा उल्हासनगर कॅम्प एकमध्ये गोपअंकलकडे मिळायचा. त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. मी पाच मोठ्या शीट मागितल्या तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“शादी का फोटो है क्या बेटा? इतना बड़ा?”

“नहीं अंकल, विमान बनाना है।”

“अरे साईं! ये बोर्ड दीवार पे टांगने का है, हवा में छोड़ने का नहीं।” मग दोरी बांधता बांधता म्हणाले, “उडला तर मला सांग हां. माझा जावई दुबईला जातो, तिकीट वाचेल.”

बाल्साचा प्लॅन फोमला जसाच्या तसा चालत नाही, हे मी चुका करत शिकले. प्लॅनवर विमानाच्या पोटातल्या आडव्या फळ्या दाखवलेल्या असतात आणि त्यांच्यावर जेमतेम दीड मिलिमीटरचं लाकूड चढणार असं गृहीत असतं. मी फळ्या त्याच मापाच्या कापल्या, वर पाच मिलिमीटरचा फोम लावला आणि विमानाला पोट सुटलं. आत्या म्हणाली, “दिवस गेलेत त्याला.” मग प्रत्येक फळी चारही बाजूंनी साडेतीन मिलिमीटरने लहान केली. दुसऱ्यांदा चप्पलवाले वापरतात तो पिवळा गोंद लावला, तर त्याने फोम खाऊन टाकला. सकाळी पंखाच्या जागी भोकं. तिसऱ्यांदा फेव्हिकॉल लावून वर तांदळाचे डबे ठेवले, ते जमलं. पंख वाकवायची रीतही हळूहळू सापडली. ओल्या फडक्याने एका बाजूचा कागद भिजवून सोलायचा, उघडा फोम ओट्याच्या कडेवर हळूहळू दाबत न्यायचा, म्हणजे तो आपसूक गोलावतो. बाल्साच्या बावीस बरगड्यांचं काम एका घडीत व्हायचं. शेपटीजवळ प्लॅनमध्ये पेटती वात होती. वात जळत आली की शेपूट वर उचकतं आणि विमान खाली येतं, म्हणजे ते वाऱ्यावर हरवत नाही. फोम वातीने वितळला असता, म्हणून वात रद्द केली. शेपूट प्लॅनमध्ये पंखासारखंच फुगीर होतं. ते मी सपाट एका तुकड्यातून कापलं. कंटाळा आला होता म्हणून, दुसरं कारण नव्हतं.

हे सगळं चाललं ते एकुलत्या एका पलंगावर, कारण पाच फूट सपाट जागा तेवढीच होती. प्लॅन उडू नये म्हणून पंखा बंद. आई दाराशी मशीन ओढून साड्यांना फॉल लावायची. आत्याने मांडी घालून बसायची जागा तीनदा बदलली आणि शेवटी फ्रिजला टेकली. मे महिना, घामाने कागद हाताला चिकटायचा. जेवायला पलंग मोकळा करायचा नाही म्हणून आम्ही स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून ओळीने बसायचो. वालाचं बिरडं आणि भात, चौघांचे गुडघे एकमेकांना लागलेले. अण्णा चमच्याने जेवायचे आणि सगळे दुसरीकडे बघायचे. जेवण झालं की लगेच, “चल, डावा पंख.” सकाळी डोळे उघडले की, “चल.” मी केस धुवायला गेले तरी दारावर टकटक. मला कित्येकदा वाटायचं की ब्लेड धरणारा हात माझा नाहीच, मी फक्त तो सांभाळते आहे. आजही उन्हाळ्यात फॅन बंद पडला की मला पहिल्यांदा फोमचा वास येतो, मग गरम होतं.

एप्रिलच्या शेवटी नाशिकहून पत्र आलं. तिथल्या एका संस्थेत टूल डिझाइनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहासकट. जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. मी पत्र चार दिवस डायरीत ठेवलं आणि पाचव्या दिवशी जेवताना सांगितलं.

अण्णांनी चमचा खाली ठेवला. “तू गेलीस तर हे कापणार कोण?”

“दादा, पोरगी काय जन्मभर थर्माकोल कापत बसणार का?” आत्या म्हणाली.

“थर्माकोल नाही, फोमबोर्ड.”

“जे असेल ते. तिच्या नखात बघ, पांढरं झालंय सगळं.”

आईने मला पुन्हा भात वाढला, मी नको म्हणत असताना. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, “हे एक उडव. नीट उडालं की जा.” मी डायरीत लिहिलं: ‘अट १. विमान नीट उडणे.’

म्हणून तो रविवार. सुटे काढता येणारे पंख मी दोन तुकड्यांत केले होते, तरी रिक्षातून त्यांची टोकं बाहेरच होती. अण्णा सहा महिन्यांनी जिना उतरले. टोपी घातली होती आणि उजवा हात खिशात. गावाच्या बाजूला भाताची मोकळी शेतं होती. शेताचे मालक बाळाराम बांधावर दात घासत बसले होते. त्यांनी विमानाला फेरी मारून बघितलं.

“काय गो पोरी, यो इमान हाय का बुजगावना?”

“विमान.”

“मंग पाखरां घाबरतील का नाय?”

प्लॅनवर तोलाची खूण असते, गोलात फुली. त्या जागेवर दोन बोटांवर धरलं की विमान आडवं स्थिर राहायला हवं. अण्णांनी ते मला तीनदा करायला लावलं. खुणेवर अगदी बरोबर तोललं होतं. मी दोरी घेऊन धावले. विमान डगमगत चढलं, दोरी सुटली, आणि त्याने नाक वर केलं. वर, अजून वर, मग हवेतच थबकलं, पडलं, पुन्हा सावरून नाक वर. दर वेळी जास्त खोल. चौथ्या वेळी बांध आडवा आला.

अण्णा जवळ गेले नाहीत. “फोम आहे,” एवढंच म्हणाले. “फोमचं हे असंच.”

पंख जोडायला एक दिवस लागला. पण का पडलं हे कळल्याशिवाय जोडून उपयोग नव्हता. मी उरलेल्या तुकड्यांतून वीतभर ग्लायडर केलं आणि जिन्याबाहेरच्या बोळात फेकत बसले. सपाट शेपूट आणि तोल प्लॅनप्रमाणे मागे: उचकायचं, पडायचं. नाकाला एकेक टाचणी लावत गेले, तोल पुढे सरकला आणि ते सरळ जाऊन शेजारच्या दारावर आपटलं. शेजारणीने दार उघडलं, बघितलं, बंद केलं. तेव्हा उलगडा झाला. प्लॅनमधलं फुगीर शेपूट स्वतः वजन उचलतं, म्हणून तोल इतका मागे चालतो. माझं सपाट शेपूट काही उचलत नाही. खूण पुढे घ्यायला हवी होती.

“अण्णा, तोल दोन बोटं पुढे घ्यावा लागेल.”

“खूण प्लॅनवर आहे.”

“शेपूट मी बदललंय ना.”

“बदललंस? मग नोंद कुठाय?”

ते बरोबर होतं. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक तक्ता असतो: बदल काय, कोणी केला, मंजुरी कोणाची. अण्णांच्या ऑफिसात त्याशिवाय एक खिळाही हलत नसे. आणि एक पक्का नियम, ज्याने बदल केला त्याने मंजुरी द्यायची नाही. मी तक्ता आखला. ‘शेपूट सपाट. तोल ३५ मिमी पुढे.’ बदल करणारी म्हणून सही केली आणि मंजुरीची चौकट त्यांच्यासमोर ठेवली.

“ठेव. बघतो.”

मंगळवार गेला, बुधवार गेला. रोज सकाळी मी विचारायचे, रोज तेच. “बघतो.” गुरुवारी मी म्हटलं, “अण्णा, एक सही तर आहे.” ते खिडकीकडे वळून म्हणाले, “टँक वाहतोय त्यांचा.” टँक वाहत नव्हता. पुढचा रविवार तसाच गेला. नाशिकला जायला एक आठवडा उरला आणि माझ्या डोक्यात वेगळंच शिरलं: हे मुद्दाम करतायत. सही नाही म्हणून तोल नाही, तोल नाही म्हणून उडणं नाही, उडणं नाही म्हणून नाशिक नाही. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. तेवढ्या जागेत अबोला धरणं फार अवघड असतं. पाणी हवं तर त्यांच्या गुडघ्यांवरून हात न्यावा लागायचा.

शुक्रवारी आईने गाद्या उन्हात टाकायला सांगितल्या. अण्णांच्या गादीखाली कागदांचा गठ्ठा निघाला. फोमबोर्डवरून मी सोलून टाकलेले कागद होते ते, पांढरे, कडेला वळलेले. ‘रफ कामाला राहू देत’ म्हणून ते गोळा करायचे. प्रत्येकावर त्यांची सही होती. होती म्हणजे, करायचा प्रयत्न होता. पहिल्या कागदांवर अक्षरं वाकडी असूनही ओळखू येत होती. पुढच्यांवर नुसती रेघ, करवतीच्या दातांसारखी वर-खाली. काही ठिकाणी डाव्या हाताने केलेली, लहान मुलासारखी, आणि तीही खोडलेली. मी ते मोजायला बसले नाही. मला प्रत्येक गोष्ट मोजायची सवय आहे, पण ते मोजले नाहीत. तसेच गादीखाली ठेवले आणि आईला म्हटलं, “ही गादी राहू दे, ऊन फार आहे.” आईने माझ्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाली, “हो, राहू दे.” तिला माहीत होतं.

त्यांना नोकरी का सोडावी लागली हे मला त्या क्षणी कळलं. हात थरथरतो हे दिसत होतंच, पण तो हात तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाखाली सही करत होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. सहा दिवसांनी स्वतःहून.

“अण्णा, तुमच्या ऑफिसात एखादा बदल चालेल की नाही हेच माहीत नसेल, तर आधी मंजुरी कशी द्यायचे?”

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “ट्रायल घ्यायचे. लाल पेन्सिलीने खूण करायची. ट्रायलला सही लागत नाही.”

“मग ट्रायल घेऊ या.”

“जमलं तर रीतसर नोंद करायची. नंतर.”

“नंतरच.”

“लाल पेन्सिल खिडकीतल्या ट्रेखाली आहे,” ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. मी पट्टी लावून जुन्या खुणेपुढे पस्तीस मिलिमीटरवर लाल फुली काढली. नाकाला वजन हवं होतं. आईने मशीनच्या बॉबिनचा डबा पुढे सरकवला. “रिकाम्या घे, भरलेल्या नको.” नऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला. अण्णांना बुटाच्या नाड्या स्वतः बांधायच्या होत्या आणि आम्ही सगळे थांबलो. शेतावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. जमीन तापली होती. “इतक्या उन्हात उडवत नाहीत,” अण्णा म्हणाले, पण परत जाऊ असं म्हणाले नाहीत. मी धावले. या वेळी ते डगमगलं नाही. दोरी सुटली, विमान सरळ झालं आणि डावीकडे एक मोठा, सावकाश फेरा घेतला. मग दुसरा. आत्या मोठ्याने हसत होती. तिसऱ्या फेऱ्यात मला जाणवलं की ते खाली येत नाहीये. तापलेल्या शेतावरची हवा त्याला उचलत होती. अण्णांनी उन्हासाठी हात कपाळावर धरला. उजवा. तो थरथरत होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

“वात नाही,” ते म्हणाले. “उतरणार कसं?”

विमान उल्हास नदीच्या दिशेने सरकत गेलं. आधी पंख दिसत होते, मग पांढरा ठिपका, मग तो ठिपका दिसतोय असं वाटत राहिलं. बाळाराम बांधावर उभे राहून म्हणाले, “गेला गो.”

“ट्रायल पास,” अण्णा म्हणाले. “आता नोंद पक्की...” आणि थांबले. हात खिशात घातला. मग आईला विचारलं, “उद्या नाशिकची बस कितीची आहे?”

मी गेले. दोन वर्षांनी परत आले, अंबरनाथला नोकरी लागली, आता तिथेच राहते. अण्णा मी परतल्यावर नऊ वर्षं होते. त्या एका प्लॅनची गुंडाळी मी दर वेळी पिशवीत घालून कात्रपला न्यायचे आणि न उघडता परत आणायचे. एकदाच विचारलं, “अण्णा, ते पक्कं करायचं राहिलंय.” ते म्हणाले, “करू.” उरलेले दहा प्लॅन त्यांनी कधी काढले नाहीत.

दर वर्षी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर मी जुन्या वर्षातली राहिलेली कामं उतरवते. या वर्षी सहा होती. गॅसची नळी, सोसायटीचा अर्ज, आत्याचा चष्मा वगैरे पाच झाली. सहावं असं लिहिलेलं आहे: ‘ग्लायडर, तोल ३५ मिमी पुढे. मंजुरी बाकी.’ ती चौकट मी भरू शकत नाही, कारण तिच्या शेजारच्या चौकटीत माझी सही आहे.